टोलनाक्यावर सापडलेला क्लास

आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे टाइमटेबलमधला सगळ्यात शेवटचा तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची धावपळ. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. खरं तर मी इंग्लिश सेक्शनला लिहिणार होते. पण हा लेख ज्यांनी वाचावा असं मला मनापासून वाटतं, त्या मराठीच वाचतात. त्या कोण, ते पुढे येईलच.

सेकंड इयरला ओओपी आला तेव्हा पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एक क्लास भेटला, व्हेईकल. त्याच्याखाली कार, बस आणि ट्रक. सीनियर्सच्या नोट्समध्ये तेच, व्हायव्हाला प्रश्न तोच. मला वाटायचं, कुणा एका लेखकाला दुसरं काही सुचलं नाही आणि बाकीच्यांनी त्याचीच कॉपी मारली. हे उदाहरण थेट मुळातूनच आलेलं आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि तेसुद्धा एका भानगडीमुळे.

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघींनी गर्ल्स हॉस्टेलच्या मेसचं सॉफ्टवेअर केलं. अगदी पुस्तकाबरहुकूम. वर एक व्यक्ती नावाचा क्लास, त्यातून विद्यार्थिनी आणि कर्मचारी. कर्मचारीमध्ये नाव, हजेरी, पगार आणि एक मेथड, पोळ्या मोजणारी. कूपनं, शिल्लक, हिशोब अशी वेगवेगळी मॉड्यूल्स. आठवडाभर आम्ही दारात बसून पोळ्यांचे डबे मोजले आणि शेवटी एक रिपोर्ट काढला. त्यात दिसत होतं की पोळ्यांना चार मावशी आहेत, पण काम बघता तिघी पुरतात. डेमोला चांगले मार्क पडले. मेसचे ठेकेदारही आले होते, त्यांनी तो प्रिंटआउट मागून घेतला. आम्हाला काय अभिमान!

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट घेऊन उभी होते, तर पोळ्यांच्या मावशींनी हळूच विचारलं की त्या कागदात आमच्याबद्दल काय लिहिलंय गं. मला उत्तर देता येईना. पोळी घेतली आणि खाली मान घालून टेबलावर जाऊन बसले.

त्या रात्री झोप आली नाही. हे माणसांना क्लासमध्ये बसवायचं पहिल्यांदा सुचलं तरी कुणाला, म्हणून शोधायला बसले आणि क्रिस्टन न्यूगोर्ड भेटले. आपण दोन वर्षं ज्यांचं खातोय त्यांचं नाव आपल्यापैकी कितीजणांना माहीत असेल? मला तरी नव्हतं.

न्यूगोर्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, नॉर्वेची राजधानी ऑस्लोमधला. ते तेरा वर्षांचे असताना, एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर कब्जा केला आणि तो पाच वर्षं टिकला. म्हणजे शाळेची शेवटची वर्षं परक्यांच्या राज्यात गेली. पुढे ऑस्लो विद्यापीठात त्यांनी गणित घेतलं. १९४८ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत रुजू झाले आणि सेवा संपल्यावर तिथेच राहिले, १९६० पर्यंत.

तिथलं सुरुवातीचं काम ऐका. नॉर्वेला आपली पहिली अणुभट्टी बांधायची होती आणि तिच्यातल्या युरेनियमच्या कांड्या किती जाड असाव्यात याचं गणित करायचं होतं. समीकरणं सोडवायला गेलं की सुटत नव्हती. मग त्यांनी माँटे कार्लो पद्धत धरली. म्हणजे काय, तर एकेका न्यूट्रॉनचा प्रवास कल्पायचा, तो कुठे आपटेल, कुठे शोषला जाईल हे जणू फासे टाकून ठरवायचं आणि असे पुष्कळ प्रवास झाले की सरासरी काढायची. हे सगळं तेव्हा हाताने. कॉम्प्युटर नव्हताच. या पद्धतींवरच त्यांनी १९५६ मध्ये मास्टर्सचा प्रबंध लिहिला.

नंतर ते ऑपरेशनल रिसर्चकडे वळले. आपल्याकडे मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांना हा विषय असतो, त्यामुळे रांगांचं गणित त्यांना परिचयाचं असेल. बंदरात जहाजं येतात, धक्का रिकामा नसेल तर थांबतात, माल उतरवतात, निघून जातात. अशा प्रकारच्या कामांत न्यूगोर्डना सारखी एकच अडचण यायची. समोरची व्यवस्था नीट शब्दांत मांडताच येत नाही. जी मांडता येत नाही ती कॉम्प्युटरला काय सांगणार? १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले आणि १९६१ पासून त्यांच्या डोक्यात एका नव्या भाषेची कल्पना घोळायला लागली. ती दुहेरी कामाची हवी होती. माणसाला व्यवस्था समजावी म्हणूनही वापरता यावी आणि मशीनवर चालवताही यावी. नाव ठेवलं सिम्युला.

पण न्यूगोर्ड हे काही प्रोग्रामिंगमधले किडे नव्हते. त्यांना जोडीदार मिळाला ओले-योहान डाल. (डाल म्हणजे आपल्या मेसमधली नव्हे. ही घट्ट होती!) डाल त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, संरक्षण संस्थेतलेच जुने सहकारी, अबोल आणि प्रोग्रामिंगमध्ये कमालीचे हुशार. न्यूगोर्ड मात्र मोठ्या आवाजात, हातवारे करत बोलणारे. १९६२ पासून दोघं एकत्र विचार करायला लागले आणि १९६३ मध्ये डालही सेंटरमध्ये आले.

आता भाषा चालवायला मशीन तर पाहिजे. सेंटरचा बेत एक छोटा डॅनिश कॉम्प्युटर घेण्याचा होता. तेवढ्यात मे १९६२ मध्ये युनिव्हॅक कंपनीच्या आमंत्रणावरून न्यूगोर्ड अमेरिकेला गेले. कंपनीला आपलं नवं ११०७ हे मोठं मशीन युरोपात खपवायचं होतं आणि न्यूगोर्डकडे विकण्यासारखी एक कल्पना होती. शेवटी सौदा असा ठरला की सेंटरला मशीन निम्म्या किमतीत मिळेल आणि बदल्यात सेंटर कंपनीला सिम्युलाचा कंपायलर आणि आणखी काही सॉफ्टवेअर करून देईल. खरेदीची बोलणी करायचा अधिकार न्यूगोर्डना नव्हता म्हणतात, पण असो. ऑगस्ट १९६३ मध्ये मशीन ऑस्लोला पोचलं.

आता थोडं तांत्रिक. कॉम्प्युटरवाल्यांनी लक्ष द्या, बाकीच्यांनीही द्या, अवघड नाही. त्या काळी प्रोग्राममध्ये माहिती एकीकडे आणि त्या माहितीवर काम करणाऱ्या प्रोसिजर्स दुसरीकडे असायच्या. जहाजाचं वजन एका ॲरेत, वेळ दुसऱ्या ॲरेत आणि जहाज काय करतं हे आणखी तिसऱ्याच ठिकाणी. न्यूगोर्ड आणि डाल यांनी आधी व्यवस्थेचे दोन भाग केले होते. स्टेशन म्हणजे काम करणारं आणि गिऱ्हाईक म्हणजे त्यातून निमूटपणे सरकत जाणारं. काही दिवसांनी लक्षात आलं की हे खरं नाही. जहाज धक्क्यावर थांबतं तेव्हा ते गिऱ्हाईक वाटतं, पण समुद्रात ते स्वतःच्या मनाने चालतं. मग त्यांनी तो भेदच काढून टाकला. सगळेच प्रोसेस. प्रत्येकाजवळ स्वतःची माहिती, स्वतःची वागणूक आणि आपण कुठवर आलोय याची स्वतःची आठवण.

यात डालना एक वेगळीच अडचण आली. सिम्युला ही अल्गोल ६० या भाषेवर उभी करायची होती आणि अल्गोलची मेमरी स्टॅकवर चालते. स्टॅक म्हणजे मेसमधली ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. पण बंदरातली जहाजं या क्रमाने थोडीच जातात? जे उशिरा आलं ते आधी जाईल, जे आधी आलं ते दिवसभर अडकून पडेल. मग १९६४ मध्ये डालनी चळत सोडली आणि मेमरीचे तुकडे हवे तसे द्यायची आणि मोकळे झाले की परत घ्यायची नवी पद्धत बांधली. आज आपण न्यू लिहून एखादा ऑब्जेक्ट बनवतो आणि फंक्शन संपलं तरी तो जिवंत राहतो, त्यामागे ही खटपट आहे. १९६५ च्या सुरुवातीला पहिला सिम्युला चालायला लागला.

आणि आता तो टोलनाका! पहिली सिम्युला वापरता वापरता दोघांना एक गोष्ट खुपायला लागली. एका मॉडेलमध्ये पूल होता, पुलावर टोलनाका आणि नाक्यावर वाहनांची रांग. रांगेत ट्रकही होते आणि बसही. ट्रकची माहिती वेगळी, बसची वेगळी. पण रांगेत उभं राहणं दोघांचं सारखंच. मागे कोण, पुढे कोण, बाहेर कसं पडायचं. मग हे प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा का लिहायचं? १९६५-६६ च्या सुमारास इंग्लंडच्या टोनी होर यांनी रेकॉर्ड क्लास आणि सबक्लासची कल्पना मांडली होती. ती या दोघांना आवडली होती, पण जशीच्या तशी बसत नव्हती. १९६६ सरता सरता उत्तर सापडलं. जे सारखं आहे त्याचा एक क्लास करायचा आणि ट्रक किंवा बस लिहिताना त्याचं नाव फक्त पुढे जोडायचं. सिम्युलामध्ये खरंच आईबापाचं नाव क्लासच्या आधी लिहितात, आपण आडनाव मागे लावतो त्याच्या उलट. रांगेचा क्लास लिहिणाऱ्याला ट्रक म्हणजे काय हे माहीत असायचीही गरज उरली नाही. हेच ते इनहेरिटन्स. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळच्या लीसेबू इथे झालेल्या परिषदेत दोघांनी यावर निबंध वाचला आणि त्यातून सिम्युला ६७ उभी राहिली. म्हणजे पुस्तकातली ती कार, बस आणि ट्रक कुणाच्या आळसातून आलेली नाहीत. ती मुळात एका रांगेत उभी होती.

मॉड्यूलची गोष्टसुद्धा इथेच सुरू होते. रांगा आणि याद्या सांभाळणारं सगळं सामान त्यांनी सिमसेट नावाच्या एका मोठ्या क्लासमध्ये भरलं. घड्याळ आणि प्रोसेस यांचं सामान सिम्युलेशन नावाच्या क्लासमध्ये, जो सिमसेटवरच उभा होता. आपल्या प्रोग्रामच्या आधी सिम्युलेशन एवढं नाव लिहिलं की ती सगळी पेटी उघडून हातात. म्हणजे एकच क्लास ही गोष्ट ट्रकसाठीही आणि अख्ख्या लायब्ररीसाठीही. मात्र त्या पेटीला कुलूप नव्हतं. आतली माहिती बाहेरच्यांपासून लपवायची सोय सिम्युलामध्ये पुढे सत्तरच्या दशकात आली. मॉड्यूल कुठे तोडावं हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये छान मांडलं. कामाच्या पायऱ्या बघून तुकडे पाडू नका, जे उद्या बदलेलसं वाटतं ते एकेका मॉड्यूलच्या आत दडवा, असा त्याचा सारांश.

या दिवसांतला एक किस्सा दोघांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलाय. १९६७ च्या वसंतात सेंटरमध्ये नव्यानेच लागलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे धावत आली. वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसं भयंकर भांडतायत, काय करू? ऑपरेटरने बाहेर येऊन जरा कान दिला आणि सांगितलं की घाबरू नकोस, डाल आणि न्यूगोर्ड सिम्युलावर चर्चा करतायत! आमच्या ग्रुपची भांडणं हॉस्टेलभर गाजतात, त्यामुळे हे वाचून फार बरं वाटलं.

सिम्युला स्वतः फार पसरली नाही, पण तिची मुलंबाळं पसरली. अमेरिकेत यूटा विद्यापीठात ॲलन के यांच्या हाती १९६६ मध्ये सिम्युला पडली आणि पुढे त्यातून स्मॉलटॉकची वाट निघाली. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी सी भाषेत क्लास घालायला घेतले आणि १९८३ मध्ये त्याचं नाव सी प्लस प्लस झालं. आपल्या लॅबमधली जावा याच घराण्यातली.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. एवढं तर पाठ्यपुस्तकाच्या चौकटीतही मावतं.

न्यूगोर्डच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. त्यांची भाषा कारखान्यांत वापरली जात होती. उत्पादनाचं नियोजन करायचं, कोणतं काम किती वेळात व्हायला हवं ते काढायचं. मॉडेलमध्ये यंत्रं होती, माल होता आणि कामगारही होते. मॉडेल मॅनेजमेंट सांगेल तसं बांधलं जात होतं आणि त्याचा परिणाम ज्यांच्या रोजच्या कामावर व्हायचा त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. व्यवस्था समजावी म्हणून जी भाषा केली ती समजण्याची सोय एकाच बाजूला झाली होती.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की मी भाषा केली, लोक कशी वापरतात त्याला मी काय करू. न्यूगोर्ड उठून कामगारांच्या संघटनेकडे गेले. १९७१ ते १९७३ या काळात त्यांनी नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेबरोबर एक प्रकल्प केला. सुरुवातीला त्यांचाही बेत आपल्यासारखाच होता. अभ्यास करायचा, रिपोर्ट लिहायचा, द्यायचा. पण असे रिपोर्ट कपाटात जातात हे उमगल्यावर त्यांनी पद्धतच बदलली. कामगारांसाठी साध्या भाषेत पुस्तक लिहिलं, कारखान्यांमध्ये कामगारांचे अभ्यासगट बसले आणि कामगार स्वतः जे हाती घेतील तोच प्रकल्पाचा निकाल असं ठरलं. यातून करार झाले. १९७५ मध्ये देशपातळीवर असा करार झाला की कामाच्या जागी कॉम्प्युटरची व्यवस्था आणायची तर कामगारांना आधी, त्यांना समजेल अशा भाषेत कळवायचं आणि त्यांचा प्रतिनिधी त्यात असेल. आज डिझाइनच्या पुस्तकांत पार्टिसिपेटरी डिझाइन नावाचं प्रकरण असतं, त्याची सुरुवात इथली.

भाषांचं कामही थांबलं नाही. आधी डेल्टा, मग डॅनिश आणि नॉर्वेजियन सहकाऱ्यांबरोबर बीटा. पुढे ते ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९९६ पर्यंत शिकवत राहिले. त्यातच राजकारण! नॉर्वेने युरोपियन युनियनमध्ये जाऊ नये म्हणून जी संघटना उभी राहिली तिचं नेतृत्व त्यांनी १९८८ पासून १९९५ पर्यंत केलं. त्रेचाळीस लाखांच्या देशात तिचे १ लाख ४० हजारांहून जास्त सभासद झाले. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. ते बरोबर की चूक हे मला कळत नाही. पण निर्णय ज्यांच्यावर येणार त्यांना तो समजावा आणि त्यांनीच तो घ्यावा हा हट्ट तोच, कारखान्यातलाच, असं मला वाटलं.

मान मिळायला मात्र उशीर झाला. २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार आणि २००२ चं आयईईईचं जॉन फॉन नॉयमन पदक न्यूगोर्ड आणि डाल यांना मिळून जाहीर झालं. ट्युरिंग विजेत्यांनी व्याख्यान द्यायची पद्धत आहे, ते राहूनच गेलं. २९ जून २००२ ला डाल गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १० ऑगस्टला, हृदयविकाराने न्यूगोर्ड गेले. चाळीस वर्षं फळ्यासमोर भांडणारी जोडी एकाच उन्हाळ्यात संपली.

हे सगळं वाचून झालं तेव्हा पहाट झाली होती. आम्ही चौघींनी ठरवलं आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा मावशींसमोर लॅपटॉप घेऊन बसलो. कर्मचारी क्लास काय, त्यात त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय, सगळं मराठीत सांगितलं. माझं मराठी ऐकून आधी त्या पोट धरून हसल्या. मग बोलायला लागल्या आणि आमचं मॉडेल एकेक करून मोडायला लागलं. चौघींपैकी एक जण सतत कणीक मळत असते, ती पोळ्या करतच नाही, पाळीपाळीने बदलतात. सिलिंडर संपत आला की एक शेगडी मंद पडते. आणि आम्ही सरासरी काढली होती दिवसभराची, पण झुंबड असते साडेबारा ते एक. आम्ही सगळ्यांना एकाच छापाचे ऑब्जेक्ट केलं होतं. म्हणजे केवळ वागायला नव्हे, इंजिनिअरिंग म्हणूनही आमचं चुकलं होतं.

मग कोड पुन्हा लिहिला. कर्मचारी क्लासमधून पोळ्यांची मेथड काढली, काम हा वेगळा क्लास केला, शेगडी वेगळी, रांग वेगळी आणि न्यूगोर्डसारखं छोटं सिम्युलेशन चालवलं. तिघी मावशी ठेवल्या की पाऊण वाजता रांग दाराबाहेर जाते. नवा रिपोर्ट सरांना दिला, ठेकेदारांनाही दिला आणि त्याची एक मराठी प्रत मावशींनाही. पहिल्या रिपोर्टमध्ये चूक होती हेही त्यात लिहिलं. या सेमिस्टरला अजून चौघी आहेत. आमच्या कागदामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही.

मावशींना मी हा लेख वाचायला देणार आहे. शुद्धलेखन त्या तपासतील असं म्हणाल्यात. तुमच्याही प्रोजेक्टमध्ये कुठेतरी विद्यार्थी, पेशंट, ड्रायव्हर, वॉचमन असे क्लास असतीलच. सबमिशनच्या आधी त्यातल्या एखाद्या खऱ्या ऑब्जेक्टला जाऊन भेटा एवढंच सांगते. आमचं एक मॉड्यूल वाचलं, तुमचंही वाचेल.

तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी